चढली असेल तर आधी उतरवा

मावशीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बोलायचं असेल तर माणसं तिच्या उजव्या अंगाला सरकून बसतात. तो कान नवऱ्याने एका थोबाडीत घालवला. डॉक्टरने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पडले." त्या दिवशी तिची चूक एवढीच, की त्याला चढलेली असताना ती त्याला समजवायला गेली.

नवऱ्याला सोडून ती टायरच्या दुकानावरच्या खोलीत आली आणि बिघडलेल्या हार्ड डिस्क दुरुस्त करू लागली. गल्लीत तिचं नाव डिस्कवाली. लिनक्स ही संगणकप्रणाली ती एका फाटक्या पुस्तकातून शिकली, आणि त्यातल्या शब्दांना तिने आपले शब्द लावले. डिस्क जोडून वापरात घेतली की ती 'चढली'. मोकळी केली की 'उतरली'. डिस्कचे भाग पाडले की 'वाटणी'.

"चढलेली डिस्क दुरुस्त करायला घ्यायची नाही," शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी बजावते. "आपण वरून नीट करतो आणि मशीन खालून त्यावर लिहीतच असतं. या ओढाताणीत होतं नव्हतं तेही जातं. आधी उतरवा."

गेल्या वर्षी एका सकाळी लाकडाच्या वखारीतली धाकटी सून तिच्याकडे आली. तिच्या पदराखाली कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग पेटी होती, घणाने ठोकल्यासारखी चेपलेली.

"माझा नवरा दवाखान्यात आहे. कवटी फुटलीय. मोठे दीर म्हणतात, ओंडक्यांच्या थप्पीवरून पडला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलंय. उद्या कागद बंद करणार."

"पडला नाही?"

"वखारीच्या वाटणीवरून भांडण चाललं होतं, मावशी. कॅमेरा चालू होता. म्हणून तर पेटी ठेचली."

मावशीने पेटी फोडून डिस्क बाहेर काढली. डिस्क कण्हल्यासारखी घरघरत होती. मूळ डिस्कवर ती कधीच दुरुस्ती करत नाही. तिने पाच तास लावून कोऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत उतरवून घेतली. मग तिच्या सवयीप्रमाणे वाटणी कुठल्या आकड्यापासून सुरू होते आणि कुठल्या आकड्यावर संपते, ते पेन्सिलीने भिंतीवर लिहिलं. त्या भिंतीवर असे शेकडो आकडे आहेत. कुणी कितीही म्हटलं तरी ती भिंतीला रंग लावू देत नाही.

धाकटी नवऱ्याला बघायला गेली होती, तेवढ्यात जिना दणदणला. तिचा थोरला दीर दारात उभा राहिला. हातात लोखंडी पहार, तोंडाला भपकारा. भर दुपारी.

"ए डिस्कवाले, आमच्या घरातलं भांडण तुझ्या टेबलावर काय करतंय?"

मावशी काही बोलली नाही. चढलेल्या माणसापुढे गप्प बसायचं, हे ती एक कान देऊन शिकली होती.

त्याने मूळ डिस्क जमिनीवर टाकली आणि पहारीचे चार घाव घातले. आतली तबकडी काचेसारखी फुटून टेबलाखाली उडाली. मग त्याने दुसऱ्या डिस्कची वायर धरली. "आणि यात काय आहे?"

मावशीचा हात आपसूक त्या डिस्ककडे गेला. त्याने टेबलाचा खण ओढला, तिचा उजवा हात मनगटाला धरून आत कोंबला आणि खण लाथेने बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज मावशीला आला, चांगल्या कानाने.

"पूस. माझ्यासमोर."

तिने डाव्या हाताने एकेक अक्षर दाबलं. वाटणी काढून टाकायची, बदल लिहायचा. पडद्यावर आता रिकामी डिस्क दिसत होती.

"गेलं?"

"वाटणी गेली."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "वाटणीच गेली! आता भांडण कसलं?" पहारीचा शेवटचा घाव पडद्यावर घालून तो उतरला. जिन्यात दोनदा धडपडला.

धाकटी परत आली, तेव्हा मावशी हात ओल्या पंच्यात गुंडाळून माळ्यावरचा संगणकाचा जुना पडदा जोडायच्या खटपटीत होती.

"सगळं संपलं का हो, मावशी?"

"कुंपण काढलं म्हणून शेत जातं का? भिंतीवर बघ. ते दोन आकडे वाच."

धाकटीने आकडे वाचले. मावशीने त्याच आकड्यांवर वाटणी पुन्हा उभी केली. मग डिस्क उतरलेली आहे याची दोनदा खात्री करून घेतली आणि दुरुस्ती सुरू केली. यंत्र एकेक तुटका धागा दाखवून विचारत होतं, जोडू का? मावशीने कीबोर्ड धाकटीकडे सरकवला आणि धाकटी बटण दाबू लागली. दर वेळी पुटपुटायची, "हो. हो. हो."

चित्र आलं. थोरल्याने पहार धाकट्याच्या डोक्यात घातली. तो पडल्यावर पुन्हा दोनदा घातली. धाकटीने तोंडात पदर कोंबला.

मावशीने चित्र मागे नेलं. त्याच्याआधी धाकट्याने फळी उचलली होती. पहिला घाव त्याचा होता, थोरल्याच्या पाठीत.

धाकटीने पडद्यावरच्या फळीवर बोट ठेवलं.

"एवढंच कापता येईल?" धाकटीने विचारलं.

"येईल. पण मी नाही कापणार. चित्राच्या कोपऱ्यात वेळ धावतेय, ती मध्येच तुटली की पोलीस पहिलं तेच विचारतील. आणि मग उरलेलंही खोटं ठरेल."

"तो शुद्धीवर आला की त्याच्यावरही केस होईल हो."

"होईल."

धाकटीने डोळे पुसले. "त्यालाही चढलेलीच होती."

"दोघांनाही."

धाकटीने डिस्क रुमालात बांधली, पूर्णच्या पूर्ण, आणि सरळ पोलीस ठाण्यात गेली. संध्याकाळच्या आत थोरल्याला वखारीतून उचललं. धाकटा चौथ्या दिवशी शुद्धीवर आला. त्याच्या खाटेशीही एक शिपाई बसला होता.

डिस्क ठाण्यात गेली त्याच संध्याकाळी मावशी एकटीच दवाखान्यात गेली होती. तीन बोटं मोडली होती. प्लास्टर करणाऱ्याने वर न बघता फॉर्म ओढला.

"कसं झालं? पडलात?"

मावशीने मान वळवून चांगला कान त्याच्याकडे केला, जणू प्रश्न नीट ऐकायचा होता.

"नाही," ती म्हणाली. "मोडली. कुणी ते सांगते, लिहून घ्या."