कोंडिरामचा डावा पाय

काशीगावात कोंडिराम खिल्लारेला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्या व्हॅनमध्ये कधी बसला नाही असा तर त्याहून नाही. मूळचा हा जिंतूरकडचा. ट्रकवर क्लीनर म्हणून आला, काशीमीऱ्याला उतरला तो कायमचाच. पुढे एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागला. ठाण्याहून स्टाफ आणायचा, संध्याकाळी परत सोडायचा. तीच पांढरी व्हॅन, तोच घोडबंदर रोड आणि तोच ट्रॅफिक, अशी त्याची उमर गेली. कारखान्यानं ती गाडी मोडीत काढायचं ठरवलं तेव्हा त्यानं ती स्वतःला मागून घेतली. त्याची बायको वैजयंता त्या गाडीला उघड उघड सवत म्हणते. पण सवतीच्या खिडक्यांचे पडदे दर महिन्याला तीच धुते.

दरवर्षी अशोक विजयादशमीला ही व्हॅन बिल्डिंगमधल्या माणसांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. जागा मिळावी म्हणून बायका दोन महिने आधीपासून वैजयंताला गोड बोलायला लागतात. तिथं पोचलं की गाडी लांब मैदानात लावावी लागते आणि पुढं गर्दीतून चालत जायचं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घातलेली माणसं भराभर उतरतात आणि कोंडिराम आपल्या सीटवर बसल्या बसल्या म्हणतो, "तुम्ही व्हा पुढं. गाडी कोण सांभाळणार?"

पहिल्या वर्षी वैजयंताला ते खरंच वाटलं. दुसऱ्या वर्षी ती काहीतरी विसरलं म्हणून परत आली, तर हा उजवा पाय डॅशबोर्डवर टाकून बसलेला. पाय टम्म सुजला होता. चप्पल खाली पडली होती, कारण ती पायात चढतच नव्हती. घोडबंदरच्या चढावर बंद पडलेली गाडी ढकलताना त्याचा घोटा एकदा वाईट मुरगळला होता, तो धड बरा झालाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, चाला, फिरा, काही होत नाही. फक्त पाय तासन्‌तास एकाच जागी दाबून ठेवू नका. आता ड्रायव्हरनं एक्सिलरेटर दाबायचा नाही तर काय दाबायचं?

म्हणजे इतक्यांना वंदनाला नेणारा हा माणूस कित्येक वर्षांत स्वतः स्तूपापर्यंत पोचलाच नव्हता. अंबिका, त्यांची शेजारीण, येताना त्याच्यासाठी पुरीभाजीची पत्रावळ घेऊन यायची आणि तो ती पाय वर करूनच खायचा. वैजयंताला ते बघवत नसे. तो तोंडानं काही बोलायचा नाही, पण परतीच्या वाटेवर सगळे तिथल्या गोष्टी सांगायला लागले की हा खिडकीबाहेर बघायचा. यंदा काही झालं तरी ह्याला त्याच्या पायांनी आत न्यायचं, एवढी एकच गोष्ट तिनं मनात धरली होती.

बदली ड्रायव्हरचा उपाय करून झाला होता. आदल्या वर्षी उदयनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, चांगला ड्रायव्हर ठरवला. कोंडिराम त्याच्या मागच्या सीटवर बसला आणि ठाण्यापासून त्याला गाडी शिकवायला लागला. "दुसऱ्यात घे. आता तिसऱ्यात घे की. ब्रेक कशाला मारायलास?" शहापूरच्या आसपास तो ड्रायव्हर गाडी बाजूला लावून उतरला आणि हात जोडून समोरून येणाऱ्या एसटीत चढला. उरलेला रस्ता कोंडिरामनं मोठ्या खुशीत चालवला आणि पाय नेहमीसारखा सुजवून घेतला.

शेवटी तोडगा उदयनंच काढला. त्याच्या साहेबांच्या गाडीत क्रूझ कंट्रोल होता. जुन्या गाडीलाही तो बाहेरून बसवता येतो असं त्यानं शोधून काढलं आणि काशीमीऱ्याच्या लवूला विचारलं. नाक्यामागं गॅरेजांची रांग आहे, तिथं लवू गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. त्यानं वैजयंताला समजेल असं सांगितलं. "काकी, बोनेटखाली एक छोटी मोटर बसवायची. काकांनी स्पीड पकडून बटण दाबलं की ती मोटर एक्सिलरेटरची केबल धरून ठेवणार. काकांचा पाय मोकळा. ब्रेकला नाहीतर क्लचला जरा पाय लागला की मोटर लगेच केबल सोडणार. स्टेअरिंग आणि ब्रेक काकांकडेच."

"म्हणजे माझ्या पायाचं काम ती करणार," कोंडिराम म्हणाला.

"उजव्या पायाचं."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही रस्ता बघा ना, पप्पा," उदय म्हणाला.

अंबिकाला हे कळलं तेव्हा ती वर येऊन तावातावानं म्हणाली, "वैजू, गाडी आपली आपण चालणार असेल तर मी यायची नाही हां. कोंडिरामभाऊ मग झोपणार की काय?" वैजयंतानं तिला चहा पाजला आणि समजावलं. आतून तिलाही धाकधूक होतीच.

मोटर बसली, वायरी ओढल्या, स्टेअरिंगजवळ बटणं आणि एक हिरवा दिवा आला. आता फक्त ट्रायल उरली होती. अडचण एवढीच, की ते यंत्र चाळिसाच्या वर स्पीड गेल्याशिवाय चालूच होत नाही. काशीमीऱ्यात चाळीस! कंटेनरच्या मागं, रिक्षांच्या मधून, लवू आणि कोंडिराम संध्याकाळभर फिरले आणि काटा काही वीसच्या पुढं सरकला नाही. घरी येऊन कोंडिराम म्हणाला, "मस्त यंत्र हाय. फक्त त्याला रस्ता दुसरा लागतो."

मग रविवारी भल्या सकाळी दोघं वर्सोवा पूल ओलांडून अहमदाबादच्या रस्त्याला लागले. गाडी साठावर गेली, कोंडिरामनं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, त्यानं उजवा पाय उचलला आणि गाडी आपली चालत राहिली. तो हसला म्हणे, अगदी पोरासारखा. इतक्यात दिवा विझला आणि गाडी ढेपाळली. पुन्हा बटण, पुन्हा दिवा, पुन्हा विझला. लवूनं वायरी तपासल्या, जोड सोडून पुन्हा केले, दोन दिवसांनी परत गेले. पुन्हा तेच.

"हे सारखं सुटायलंय रे, लवू."

"द्या, मी चालवून बघतो."

लवू बसला आणि दिवा जो लागला तो थेट शिरसाड फाट्यापर्यंत लागलेलाच राहिला. कोंडिराम बसला की मिनिटभरात विझला. लवू ओशाळला. कोंडिरामनं गाडी घराकडं वळवली.

घरी येऊन त्यानं हातपाय धुतले आणि सांगून टाकलं, "काढून टाक म्हणावं ते. यंत्रालासुद्धा मी पसंत नाही. म्हातारा झालो, दुसरं काय."

"मग यंदा सगळ्यांसाठी बस बघतो," उदय हळूच म्हणाला. "आणि पप्पा, व्हॅनचं पण काहीतरी ठरवू या का?"

कोंडिराम नुसता "बघ" म्हणाला. एरवी व्हॅन विकायचं नाव काढलं की घर डोक्यावर घेणारा माणूस! बसनं गेला असता तर पाय सुजला नसता, हे खरं. पण ती नवऱ्याला ओळखून होती. बसमध्ये बसवून तिकडं नेला असता तर हा उतरला नसता; पाय धड राहिला असता, पण मान वर झाली नसती त्याची.

संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसला आणि ती खाली मेथी निवडत बसली. तिच्या समोरच टीपॉयचा पाय होता, आणि त्या पायावर नवऱ्याचा डावा पाय. टाच जमिनीवर, चवडा टीपॉयला टेकलेला. टीव्हीत गाडी दिसली की चवडा दाबला जायचा. जाहिरात लागली की सुटायचा. हे ती इतकी वर्षं बघत आली होती की बघणंच बंद झालं होतं. लग्न झाल्यापासून हा माणूस झोपेतसुद्धा डाव्या पायानं तिची पोटरी दाबतो. सुरुवातीला ती लाजली होती. नंतर तिच्या लक्षात आलं की ह्यात लाजण्यासारखं काही नाही, नवरा क्लच मारतोय.

तिच्या हातातली काडी हातातच राहिली. ब्रेकला नाहीतर क्लचला जरा पाय लागला की सोडणार, असं लवू म्हणाला होता ना?

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

"तू काय करणार?"

"हवा खाईन."

नेहमी ती ड्रायव्हरच्या मागं बसायची. त्या सकाळी ती पुढं बसली, लवूला मागं बसवलं, आणि रस्त्याकडं न बघता मान वाकडी करून खाली बघत राहिली. दिवा लागला. उजवा पाय एक्सिलरेटरवरून उठला आणि बाजूला गेला. तोवर डावा पाय, कुणी न बोलावता, चोरासारखा उठला आणि अलगद क्लचवर जाऊन बसला. दिवा विझला.

"अहो, पाय!"

"कुठला पाय?"

"डावा! क्लचवर ठेवलाय तुम्ही."

"मी कुठं ठेवलाय?" असं तो म्हणाला तेव्हाही पाय तिथंच होता.

मागून लवूनं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "काकी, मी आख्खं वायरिंग दोनदा सोडलं हो!"

कोंडिरामनं गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या पायाकडं असा बघत बसला, जसा काही तो पाय शेजाऱ्याचा आहे. त्याचं तरी काय चुकलं? घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात ज्याची जिंदगी गेली, तो माणूस क्लचवरून पाय काढेल कधी? तिथं दर दहा फुटांना क्लच लागतो. मग तो हसायला लागला. वैजयंताही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. म्हातारपण नव्हतं, यंत्राची नापसंती नव्हती, काहीच बिघडलं नव्हतं. एक खोड होती फक्त, आणि ह्या माणसाच्या खोडी काढायची तिला चांगली सवय होती.

लवूनं क्लचच्या डावीकडं पाय टेकायला जागा करायचं ठरवलं. वैजयंतानं स्वयंपाकघरातला जुना पाट आणून दिला. सून आल्यापासून सगळे टेबलावर जेवतात, पाटावर नुसते डबे बसले होते. लवूनं तो कापून, जरासा उतरता करून पक्का ठोकला. आणि घरी वैजयंतानं शिकवणी लावली. कोंडिराम टीव्हीपुढं बसला की डाव्या पायावर ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवायची. पिशवी पडली तर चहा नाही. पहिले काही दिवस घरात पीठ सांडलं आणि कोंडिराम बिनचहाचा वैतागला. सुनेनं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग पिशवी हळूहळू स्थिर राहायला लागली. एका सकाळी वैजयंता उठली तेव्हा तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. रात्रभरात तिची पोटरी कुणी दाबलीच नव्हती.

निघायच्या दिवशी अंबिका सगळ्यात आधी येऊन बसली, पण दाराजवळ. घोडबंदर रोडनं नेहमीचा छळ केला. ठाणं, भिवंडी मागं पडली, आमण्याला गाडी समृद्धी महामार्गाला लागली आणि रस्ता सरळ मोकळा झाला. कोंडिरामनं गाडी ऐंशीवर नेली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. उजवा पाय खाली आला, डावा पाटावर गेला आणि तिथंच राहिला. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर. वैजयंता पुढंच बसली होती, त्या पायावर पहारा ठेवून. इगतपुरीचे बोगदे गेले, दिवा लागलेलाच. संभाजीनगर गेलं. मध्ये चहाला थांबले तेव्हा तो उतरून हातपाय झटकून आला. पुन्हा दिवा लागला आणि वैजयंताला इतकं हलकं वाटलं, की पहारा सोडून ती चक्क झोपली. जाग आली तेव्हा अंबिका मागून म्हणत होती, "भाऊ, जरा जोरात घ्या की. किती तो एकसारखा स्पीड!"

नागपूरला मैदानात गाडी लागली. माणसं उतरली आणि सवयीनं पुढं गेली. कोंडिराम सीटखाली वाकला. वैजयंता दाराशी उभी राहिली. त्यानं उजवी चप्पल बाहेर काढली, पाय घातला. चप्पल सरळ आत गेली.

"गाडी कोण सांभाळणार?" तिनं विचारलं. तिला राहवलंच नाही.

"तिला कुलूप हाय ना," तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली.

पुढं ती गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, आणि त्या सगळ्यातून हा असा चालत सुटला की वैजयंतालाच पदर सावरत मागून धावायची पाळी आली. "अहो, जरा थांबा की!" रांगेत दोघं पुष्कळ वेळ उभी राहिली. वंदन करून उठला तेव्हा कोंडिरामचा चेहरा ओला होता आणि तो पुसायच्याही भानगडीत तो पडला नाही. बाहेर आल्यावर एका मंडपात दोघं पोटभर जेवली.

इकडं अंबिका नेहमीप्रमाणे पुरीभाजीची पत्रावळ घेऊन मैदानात पोचली, तर गाडीला कुलूप. ती घाबरून गाडीभोवती फेऱ्या घालत होती. कोंडिरामभाऊंना काही झालं की काय, असं तिच्या मनात आलं. इतक्यात गर्दीतून कोंडिराम येताना दिसला, चप्पल फटफटवत, वैजयंताच्या दोन पावलं पुढं.

"अहो भाऊ, कुठं होता? मी तुमची पुरीभाजी घेऊन कवाची उभी आहे!"

पोटात जागा नव्हती. वैजयंता नको म्हणायला तोंड उघडणार, तोच त्यानं पत्रावळ हातात घेतली. अंबिकानं दरवर्षीच्या सवयीनं गाडीचं दार उघडायला हात पुढं केला.

"राहू दे," कोंडिराम म्हणाला. आणि ती सगळी पुरीभाजी त्यानं तिथंच उभ्यानं खाल्ली.