मापांच्या वहीतली नावं

ऑफिसात फोन आला तेव्हा मला वाटलं, ब्लाउज झाला असेल. सुमनकडून मला ऑफिसात फोन यायचा तो एवढ्याच एका कारणासाठी, तोही कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या दुकानातून आणि ठरलेल्या दिवसानंतर निदान पंधरा दिवसांनी. पण आवाज तिच्या मुलीचा, वर्षाचा होता. "मावशी, आई गेली... सकाळी चहा घेतला, मशिनवर बसली आणि..." पुढचं तिला बोलवेना. आणि मी वेड्यासारखी म्हणाले, "अगं, पण परवाच तर तिनं माझं माप घेतलं!" एकदा माप घेतलं की ब्लाउज दिल्याशिवाय माणसाला जाताच येत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

परवाच घेतलं होतं खरंच. आकाशी रंगाचा पीस होता. माझी मापं तिला पाठ होती, तरी दर वेळी टेप काढायची. "बारीक झालीस गं नलू, जेवत नाहीस का?" मी म्हटलं, "ते सोड. कधी देणार ते बोल." "दिवाळीला." "कुठल्या?" यावर तिनं तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या आणि पोट धरून हसली. तेच आमचं शेवटचं बोलणं. महिना होऊन गेला, पण संध्याकाळी कॉलनीच्या फाटकातून आत शिरले की माझी मान अजून आपोआप डावीकडे वळते, तळमजल्यावरच्या तिच्या खिडकीकडे.

सुमन तावडे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. तिनं एकच कादंबरी लिहिली, 'फळीवरचे डबे', चार वर्षांपूर्वी. मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार बिल्डिंगींच्या कॉलनीत ती बायकांचे ब्लाउज शिवायची. तिची आई लालबागच्या चाळीत गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. दोन-दोन पाळ्यांची माणसं जेवून जायची, आणि सुमन डब्यांच्या फळीखाली बसून शाळेचा अभ्यास करायची. गिरण्या बंद पडल्या आणि खानावळी चालवणाऱ्या त्या बायका कुठे गेल्या हे कुणी विचारेना, तेव्हा ही बाई पेटली. कामगारांवर सगळे लिहितात, म्हणायची, त्यांना जेवायला घालणारीवर कोण लिहिणार? मग लिहायला बसली स्वतःच. कुठे, तर मापांच्या वहीत! वहीच्या पुढून मापं, वही उलटी केली की मागून कादंबरी. पानं संपली की मध्ये नवी पानं शिवून घ्यायची, वही तीच. ब्लाउज उशिरा का होतात याचा उलगडा मला तेव्हा झाला. भयंकर राग आला होता, पण तिनं चार पानं वाचून दाखवली, आणि राग कुठल्या कुठे गेला. झकास लिहायची हो. मी तिला तोंडावर कधी तसं म्हटलं नाही, हा माझा नालायकपणा.

माझं अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातून आले की स्वयंपाक, मग ही बसायची हेमिंग करत आणि मी उतरवून काढायचे. वर्ष गेलं त्यात. दोन प्रकाशकांनी ती परत पाठवली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, खानावळीवर कोण पैसे घालून वाचणार?" सुमननं घरी येऊन ते बाड मशिनखाली ढकललं. मी म्हटलं, "त्याला कशाला विचारतेस? गिऱ्हाईक तर तुझ्या दारात रोज येतंय." भांडुपला एक लहानसा छापखाना होता. तिथले काका म्हणाले, कागदाचे पैसे आधी द्या, छापून देतो. मग काय, फिटिंगला येणाऱ्या प्रत्येक बाईला सुमन तोंडात टाचण्या धरून कादंबरीतला एखादा प्रसंग सांगायची आणि नेमक्या जागी थांबायची. "पुढे काय झालं गं?" "पुढचं पुस्तकात. किंमत आगाऊ द्यायची." बायकांनी दिले. कुणी भिशीतले, कुणी साडीतून वाचवलेले. पावत्या छापायची ऐपत नव्हती, तेव्हा सुमननं नामी युक्ती काढली. जिच्या ब्लाउजचं कापड तिथं असेल त्याचीच एक चिंधी कापायची, मधून दोन तुकडे. एक त्या बाईला, दुसरा वहीत तिच्या मापांच्या पानाला टाचून. पुस्तक आलं की चिंधी आणायची, जुळवायची आणि पुस्तक न्यायचं. वही अशी फुगली की तिला नाडी बांधावी लागली.

आता माझी करामत सांगते. पुस्तक छापत आलं, शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, तेवढा राहिला. सुमनचा हट्ट होता की शेवटच्या पानावर पैसे देणाऱ्या सगळ्याजणींचे आभार मानायचे, एकूण एक. "नलू, वहीतून यादी उतरवून काकांना दे." मला ऑफिसात त्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नव्हती. मी म्हटलं, उतरवायची कशाला, वहीत आहेच की सगळं. चिंध्या काढल्या, प्रत्येक पानाच्या जागी परत लावायला खुणा केल्या, आणि वहीच नेऊन छापखान्यात दिली. तीन दिवसांनी प्रूफ आलं. गॅलरीत उभी राहून वाचायला लागले. 'लेखिका पुढील सर्वांची ऋणी आहे. चिनूची आई, छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मागून खोल. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई, छाती चाळीस, कंबर सैल ठेवणे...' अशा पन्नासएकजणी, ओळीनं! धावत भांडुपला गेले. शिशाचे अक्षरखिळे जुळवणारे गृहस्थ चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "बाई, कॉपीत होतं ते लावलं. आम्ही मनचं काही घालत नाही."

सुमनला सांगितलं तेव्हा मला वाटलं ही आता मला कच्ची खाणार. ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग प्रूफ हातात घेतलं, पेन्सिलीनं एकेक माप खोडत गेली, आणि खोडता खोडता तिचं हसू थांबलं. "नलू, मापं काढली तर उरतं काय गं? चिनूची आई. जोशीबाई. कोपऱ्यातल्या आजी... यांच्या दंडाचा घेर मला पाठ आहे, आणि एक सोडली तर कुणाचंच नाव मला ठाऊक नाही." मी म्हटलं, "मग सौ. जोशी लिही नि मोकळी हो." "ते तिच्या नवऱ्याचं झालं. पैसे तिनं दिलेत." आणि ही बाई उठली, मशिनवर कव्हर घातलं, आणि नावं विचारायला बाहेर पडली. दिवाळी तोंडावर, पन्नास ब्लाउज कापून पडलेले! काकांनी बजावलं होतं की बुधवारी शेवटचा फर्मा मशिनवर चढणार, त्यानंतर कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका आहेत, खिळे तेवढेच आहेत. बुधवारपर्यंत नावं आली तर ठीक, नाहीतर ते पान कोरं जाईल. हातात चार दिवस होते.

पहिल्याच दारात घोटाळा झाला. चिनूची आई म्हणाली, "नाव? कुठलं सांगू, इथलं की माहेरचं?" सुमनला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे तिचं स्वतःचं नावही लग्नात बदललेलं, तरी सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "तुला जे छापलेलं बघायला आवडेल ते सांग." चिनूची आई पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "चंपा." त्यानंतर ते चारही बिल्डिंगींत पसरलं. जोशीबाईंनी सोमवारी एक नाव सांगितलं आणि मंगळवारी येऊन बदललं. एकीला सासूसमोर माहेरचं नाव सांगायची चोरी, ती गच्चीवर वाळवणं काढायच्या निमित्तानं येऊन सांगून गेली. कोपऱ्यातल्या आजी मालवणकडच्या, ऐंशीच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या नावान आता माका कोण हाक मारता गो? नाय आठवणा." सुमन म्हणाली, "आठवा सावकाश. मी थांबते."

मंगळवारी संध्याकाळी माझा तोल गेला. सगळी नावं आली होती, अडलं होतं आजींपाशी. मी म्हटलं, "वाट लागली आहे तुझी. बायका ब्लाउज मागायला येतायत, पान कोरं जाईल, वर्षभर मी बोटं झिजवली त्याचं काय? घाल काहीतरी नाव म्हातारीचं, तिला कुठे वाचता येतंय!" सुमननं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "ती सांगेल तेच छापायचं. मी कोण ठरवणारी?" आणि थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, "तुझं कुठलं घालू?" मी पायात चपला घालत होते. म्हटलं, "नलिनी. अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. तेच घाल नाहीतर गाळून टाक." दार आपटून निघून आले. मला लाज वाटते हे लिहिताना, पण आपटलं.

बुधवारी सकाळी आजींनी नातवाकरवी नाही, स्वतः काठी टेकत येऊन सांगितलं, "माझो बापूस माका येसू म्हणून हाक मारी." सुमन तशीच उठून भांडुपला गेली. फर्मा मशिनवर चढवून ठेवला होता. तिनं हात जोडले, काकांनी कुरकुर केली, पण खिळे सैल केले आणि शेवटी एक ओळ बसवली. म्हणून त्या पानावर येसू हे नाव सगळ्यात खाली आहे आणि थोडं तिरकं आलंय.

पुस्तक दिलं ते कॉलनीचा गणपती बसतो त्या शेडमध्ये. पाहुणे नाहीत, हार नाहीत, सतरंजी आणि कॉफी. बायका चिंध्या घेऊन रांगेत उभ्या. सुमन चिंधी जुळवायची, पुस्तक द्यायची, आणि त्या बाईला तिनं सांगितलेल्या नावानं हाक मारून थँक्यू म्हणायची. चिनूचे वडील शेवटचं पान वरखाली बघून म्हणाले, "हिचं नाव कुठाय? पैसे तर दिलेत ना आपण?" चिनूची आई म्हणाली, "आहे, शोधा." "अगं, नाही दिसत." "ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीनं नवीन लिहून तुम्हीच बदललंत ना? मग आधी काय होतं ते आठवा की!" शेडमध्ये जो काही हशा झाला! आजी काठी टेकत पुढे आल्या. सुमनला म्हणाल्या, माझं बोट माझ्या नावावर ठेव. सुमननं ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही... त्या पानावर माझं नाव नलिनी असं होतं. सुमननं मला नलिनी म्हणूनच हाक मारली, आणि मी हसून पुस्तक घेतलं. मंगळवारचा विषय तिनं परत कधी काढला नाही.

कादंबरीचं पुढे फार काही झालं नाही. एका साप्ताहिकात चार ओळी आल्या. उरलेल्या प्रती मशिनखाली राहिल्या. दुसरी कादंबरी ती वहीच्या मागून लिहायला लागली होती, तीस-चाळीस पानं झाली होती. मला राग येतो. देवाचा येतो, तिचाही येतो, दम लागतोय, डॉक्टरकडे जा म्हटलं तर दिवाळीनंतर म्हणायची. मला इतकी हट्टी, इतकी गबाळी आणि इतकी सच्ची बाई दुसरी भेटलेली नाही, आणि हे तिला सांगायला मला वीस वर्षं पुरली नाहीत.

गेल्या आठवड्यात वर्षानं मला बोलावलं. माझा आकाशी पीस न कापलेला तसाच होता. तो आणि मापांची ती जाड वही तिनं माझ्या हातात ठेवली. "मावशी, तुमचं पान बघा." पान पिवळं पडलेलं, मी कॉलनीत राहायला आले त्या वर्षाचं. इतर सगळ्या पानांवर आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं, चिनूची आई खोडून चंपा, जोशीबाई खोडून दोन-दोन नावं. माझ्या पानावर काहीच खोडलेलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वीच्या शाईत लिहिलं होतं, 'द्वारका', आणि पुढे कंसात, 'नलू म्हणायचं'. माझं माहेरचं नाव. त्याच वर्षी माझे वडील चिपळूणहून कोकमांची पिशवी घेऊन आले होते आणि बिल्डिंग सापडेना म्हणून खालून ओरडले होते, "द्वारके, ए द्वारके!" ते तिनं खिडकीतून ऐकलं असणार. एक सोडली तर, असं ती म्हणाली होती. ती एक कोण हे मी विचारलंसुद्धा नाही. तिला माहीत होतं, आणि तरी मी दार आपटता आपटता सांगितलं तेच तिनं छापलं.

सोमवारी तो पीस घेऊन मी स्टेशनजवळच्या टेलरकडे गेले. मास्तरांनी टेप काढला. म्हटलं, माप नको, लिहून आणलंय. त्यांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली. "नाव?" मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "द्वारका." "आडनाव?" "एवढंच लिहा." "बरं, द्वारकाताई, गुरुवारी या." वडील गेल्यापासून त्या नावानं मला कुणी बोलावलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना गेले. ब्लाउज वेळेवर तयार होता, आणि मला तिथंच दुकानात रडू फुटलं.