बिनकडीच्या मावशी

सुकापुरातल्या आमच्या घरमालकीणबाई भाडेकरूच्या हातात किल्ली ठेवायच्या आधी बाथरूमची आतली कडी काढून घ्यायच्या. अख्ख्या इमारतीत एकाही बाथरूमला आतून कडी नव्हती. नाशिकहून नुकतीच लग्न होऊन आलेली मी, मला तर धक्काच बसला.

"अहो मावशी, मग आंघोळ कशी करायची?"

"तांब्यानं," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "आत गेलीस का गायाचं. गानं चालू हाय तवर दाराला कोन हात लावनार नाय. गप झालीस तर मी येनार."

कारण त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, डोळ्यांत पाणीबिणी न आणता. जुन्या घरात त्यांची धाकटी जाऊ बंद न्हाणीत गॅसच्या गिझरमुळे गुदमरली होती. हाका मारून झाल्या, दार बडवून झालं. दार सागवानी, कडी लोखंडी, दिरानेच हौसेने बसवलेली. पहारीने दार फोडेपर्यंत आत ती एकटीच गेली. "दार लई चांगलं होतं गो," मावशी म्हणायच्या. पुढे त्या जागी इमारत उभी राहिली तेव्हा रंग, लाद्या, ग्रिल, सगळं मुलाने निवडलं. मावशी स्क्रूड्रायव्हर घेऊन मागून फिरल्या आणि कड्या तेवढ्या काढून आल्या. भाडेकरूंत त्यांचं नाव पडलं बिनकडीच्या मावशी, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मला गाता येत नाही. म्हणून मी पाढे म्हणायचे. आमच्या बाथरूमच्या खिडकीखालीच मावशींचा धुणं धुवायचा दगड होता. डोळ्यांत साबण गेला आणि मी क्षणभर थांबले की खालून आरोळी यायची, "गप का झालीस गो?" सगळ्या आळीला कळायचं की मी आंघोळीला बसलेय. एकदा म्हणाल्या, "तुजा हिशोब पक्का हाय, गला नाय." माझा नवरा निखिल आत क्रिकेटचं समालोचन करायचा. मावशी स्वतः धवले म्हणायच्या, आगरी लग्नात बायका म्हणतात ती गाणी. रोज सकाळी त्यांच्या न्हाणीत कुणाचं तरी लग्न लागत असे.

घरात आल्या की त्या आधी बसायच्या नाहीत. गॅसवरच्या कढईचा दांडा आत वळव, टेबलाच्या कडेचा चहा मागे सरकव, मोरीजवळ सरबताच्या बाटलीत फिनेल दिसलं तर काही न विचारता ओतून दे, असं सगळं उरकून मग खुर्ची. या सावधपणाला ताळतंत्र नव्हतं, हेही सांगायला हवं. एका मे महिन्यात आम्ही नाशिकला गेलो, तर मावशींनी आमच्या घराचा मेन स्विचच बंद करून ठेवला. परत आलो तेव्हा फ्रीजमधला आमरस फसफसून बाहेर आलेला आणि घरात उभं राहवेना. मी चिडून खाली गेले.

"रस ग्येला ना? घर तर हाय?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. अशा बाईशी भांडणार तरी काय!

सुकापुरात तेव्हा वीज सारखी जायची, म्हणून निखिलने गॅसचा गिझर आणला. मावशींनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर, आणि बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या स्वतःच्या हाताने काढून घेऊन गेल्या. वारा खेळता राहिला पाहिजे, बस. पण काचा गेल्या आणि कबुतरं आत आली. गिझरवर घाण, बादलीत पिसं. एका रविवारी निखिलने वैतागून खिडकीवर प्लॅस्टिकचा जाड पत्रा ठोकला. मला पाचवा महिना होता, कबुतरांच्या वासानेही मळमळायचं, म्हणून मलाही ते बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले. वास नाही, धूर नाही. तेराच्या पाढ्यावर डोकं जड झालं, पाय गळाले. पुढचं मला निखिलने सांगितलं. बेल वाजली, त्याने दार उघडलं, दारात ओल्या हाताने मावशी.

"हिचं पाडं का नाय ऐकू येत आज?"

"आत आहे ना ती, म्हणतेय की," तो म्हणाला. पत्र्याने वारा अडवला होता, तसा माझा आवाजही. मावशी त्याला बाजूला सारून सरळ आत गेल्या आणि बाथरूमचं दार ढकललं. मी भिंतीला टेकून खाली घसरत होते. मला टॉवेलात गुंडाळून त्यांनी बाल्कनीत ओढत नेलं. मग परत जाऊन पत्रा उपटला आणि निखिलच्या हातात दिला. तो तिथेच खाली बसून रडला. माझी मुलगी आज शाळेत जाते ती त्या ढकलल्या दारामुळे. त्या दिवसापासून या बाईवर माझा जीव जडला.

पुढे आम्ही खारघरला टॉवरमध्ये घर घेतलं. वास्तुशांतीला मावशी आल्या, सोबत सून वैशाली. पाहुण्यांची पंगत बसली असताना मावशी कुठे दिसेनात. थोड्या वेळाने पदराखाली काहीतरी झाकत आल्या, माझ्या हातात तांदळाची पिशवी दिली आणि जेवायला बसल्या. रात्री पाहिलं, तर दोन्ही बाथरूमच्या चकचकीत नव्या कड्या स्क्रूसकट त्या तांदळांत. आम्ही त्या परत बसवल्या नाहीत. लेक मोठी होतेय, कुरकुरते, पण गाते.

गेल्या वर्षी एका सकाळी वैशालीचा फोन आला. मावशी आंघोळीला गेल्या होत्या. धवला मध्येच तुटला. वैशाली भाकरी थापत होती, तशीच पिठाच्या हाताने धावली आणि दार ढकललं. मावशी भिंतीला टेकून बसलेल्या, छातीवर हात. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"आदी गिझर बंद कर," मावशी म्हणाल्या.

वैशालीने उठून बटण बंद केलं आणि पुन्हा त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

मी पोचले तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. वैशालीच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं. मला बघून ती उठली, माझा दंड धरला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, "दार फोडाया नाय लागला ताई. नुसता ढकलला."