झिऱ्यावर बसलेला तो

तुमच्या मासिकाच्या गेल्या अंकात परग्रहावरचे जीव उतरले तर माणसानं आपला बचाव कसा करावा, यावर वाचकांनी चार पानं लिहिली आहेत. ती वाचून संताप आला, म्हणून हे पत्र. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वृत्तपत्रात असताना अशी पत्रं मी न वाचता टोपलीत टाकत असे.

दुसरं महायुद्ध चालू होतं. चैत्र महिना. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीची बातमी आणायला मी अक्कलकुव्याहून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवरच्या एका पाड्यात गेलो. गाडीवान भिका रनाळ्याचा. त्याला डोंगरातली बोली येई, मला नाही. पाड्यात तोवर साथ पोचली नव्हती.

सकाळी नऊच्या सुमारास नाल्यात गर्दी दिसली. वाळूत खणलेला झिरा, पाड्याचं पिण्याचं पाणी तेवढंच... आणि त्याच्या तोंडाशी कुणीतरी बसलेलं. उंची चार फूट. कातडी ओल्या पाटीसारखी. हाताला तीन बोटं, डोळ्यांना पापण्या नाहीत. बाईनं घडा भरला की हा तिचा घडा हळूच पालथा करी. मारत नव्हता, ओरडत नव्हता.

"भाऊ, हाई माणूस नही शे," भिका म्हणाला.

"मग काय आहे?"

"माले काय इचारतस? पेपरवाला तुम्ही शेतस."

पाड्याच्या कारभाऱ्याची सून रुमली एकटीच पुढे झाली. तिचं म्हणणं भिकानं मला सांगितलं: हा पाणी अडवतोय, म्हणजे पाण्यातच काही असेल, दोन दिवस नदीवरून आणू. सासऱ्यानं तिला गप्प केलं. त्या भागात साथीची चाहूल लागली की शेंदूर लावलेला दगड टोपलीत घालून शिवेबाहेर ठेवतात. पुढचं गाव ती टोपली आपल्या शिवेबाहेर पोचवतं. साथ तिच्याबरोबर जाते, असा समज. आता साथच देह धरून आली, असं ठरलं. तरी हात लावायला कारभारी कचरत होता. शिकलेला माणूस म्हणून त्यानं भिकाकरवी मला विचारलं, याला शिवेबाहेर न्यावं का.

मी म्हणालो, "न्या."

मला उन्हं चढायच्या आत निघायचं होतं.

चौघांनी त्याला बाजेवर बांधलं. त्यानं प्रतिकार केला नाही. मान वळवून झिऱ्याकडे पाहत राहिला. पुढच्या गावानं बाज उचलली, त्याच्या पुढच्यानं शेजारच्या संस्थानच्या हद्दीत नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तिथं बाज रिकामी होती, असं मागाहून कळलं. दोरीच्या गाठी जशाच्या तशा.

इकडे मी निघाल्यावर सासऱ्यानं पहिला घडा रुमलीलाच भरायला लावला, आणि सगळ्यांदेखत प्यायला लावला. तिसऱ्या दिवशी ती गेली. मग कारभारी. मग घरोघर. आठवड्यानं डॉक्टर आला आणि त्यानं झिरा बुजवला.

माझ्या बातमीतला हा भाग संपादकांनी काढला. मीही भांडलो नाही.

बचाव कुणाचा आणि कुणापासून, हे या चार पानांत एकानंही विचारलेलं नाही. तो कोण होता, पाणी नासल्याचं त्याला कसं कळलं, आम्ही जगावं असं त्याला का वाटलं... मला आजही सांगता येत नाही.

महिन्याभरानं मी पुन्हा पाड्यात गेलो. रुमलीचा नवरा काहीतरी बोलला. भिकानं ते मला सांगितलं.

"तो इचारस, तुम्ही 'न्या' का म्हणनात?"

मी गाडीत जाऊन बसलो.