तिवरांमधली हाक

ती हाक मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत असताना खून, दरोडे, बुडालेली आणि बेपत्ता झालेली माणसं अशी पुष्कळ प्रकरणं हाताळली. पण ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली ते निवृत्तीनंतर, अंगावर वर्दी नसताना, परक्या मुलखात समोर आलं. त्यातली बहुतेक माणसं हयात आहेत, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

मी महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांत काढली. पत्नी गेल्यावर मुलीने मला बहारीनला बोलावून घेतलं. ती आणि जावई हमद टाउनला राहतात. दोघं सकाळीच कामाला जात, नातू माझं मराठी ऐकून घेऊन इंग्रजीत उत्तर देई आणि मी दिवसभर खिडकीतून गाड्या गोल चौकाला वळसे घालताना बघत बसे. अशात तिथल्या सरकारच्या कार्बन भरपाईच्या कार्यक्रमात जागेवरचा समन्वयक हवा आहे, अशी बातमी जावयाने आणली.

कार्यक्रम समजायला सोपा होता. कारखान्यांतून धूर बाहेर पडतो. त्यातल्या काही भागाची भरपाई म्हणून उथळ खाड्यांमध्ये तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं लावायची, कारण तिवरं हवेतला कार्बन खेचून चिखलात धरून ठेवतात. लावणी कंत्राटदाराची माणसं करत. समन्वयकाने जागेवर जाऊन रोपं जगलीत की मेलीत ते पाहायचं, कंत्राटदार, ड्रोनवाले आणि बाहेरून येणारे तपासनीस यांच्या कामाची सांगड घालायची. आमच्या प्रमुख बाई बहारिनी इंजिनियर होत्या. त्यांनी मुलाखतीत विचारलं, "तुम्हाला झाडांतलं काय कळतं?"

"फारसं नाही," मी म्हणालो. "पण जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही."

बाई हसल्या आणि मला नोकरी मिळाली.

उन्हाळा सरल्यावर मी कामावर रुजू झालो. आमची खाडी पश्चिम किनाऱ्यावर, झल्लाककडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागे. ओहोटीला पाणी इतकं लांब जाई की समुद्र आहे की नाही अशी शंका यावी. मागे राहायचा तो करडा, चकाकणारा चिखल. जुन्या तिवरांची श्वासमुळं त्यातून बोटांसारखी वर आलेली असत. वारा पडला की चिखलातून बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज सगळीकडून येई, जणू खाली कुणीतरी श्वास घेतंय. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं उतरलं की समोरचा माणूस कमरेपासून खाली दिसेनासा होई.

थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की खाडीच्या उत्तरेकडच्या वळणावर एकही मजूर जात नाही. तिथली मेलेली रोपं तशीच उभी होती. मी मुकादमाला विचारलं. मुकादम हिंदुस्थानीच, बोलण्यात गोड.

"साब, ये लोग डरपोक हैं. बोलते हैं उधर कोई आवाज़ देता है."

"क्या आवाज़ देता है?"

"बोलता है, घर चलो."

मजूर बहुतेक बिहारचे आणि बांगलादेशचे. त्यांच्यातल्या एकाला ती हाक ऐकल्यानंतर ताप भरला होता, आणि तो खरोखरच गावी परत गेला होता. त्यामुळे ज्याला हाक मारली तो उरत नाही, असा समज पक्का झाला होता. मी बोलायला गेलो की ती माणसं मान खाली घालून पायातल्या चिखलाकडे बघत.

मग एका दुपारी मी स्वतः ऐकलं.

परतीच्या बसची वेळ जवळ आली होती. पाणी ओसरलेलं, हवा अगदी थांबलेली. मी बांधावर एकटाच उभा होतो. चिखलावरून, नेमकं कुठून ते कळू नये असा, लांबवलेला पुरुषाचा आवाज आला.

"भावजीऽऽऽ... घराऽ चलाऽऽऽ..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर नजर पोचेल तिथवर माणूस नव्हता. पण भीतीहून मोठा धक्का वेगळाच होता. ते हिंदी नव्हतं. ती माझ्या ओळखीची बोली होती. रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यांतून, धक्क्यांवरून मी ती वर्षानुवर्षं ऐकली होती. बहारीनच्या चिखलात कुणीतरी आपल्या बहिणीच्या नवऱ्याला घरी बोलावत होतं.

ठाण्यात आमचा एक नियम असे. अफवा आली की अफवेबद्दल विचारू नये, ती कधी येते ते विचारावं. मी तेच सुरू केलं. मजूर काही सांगेनात. खबर मिळाली ती पाण्याच्या टँकरवाल्याकडून. हा पेशावरकडचा वयस्कर ड्रायव्हर रोज रोपवाटिकेला पाणी द्यायला येई, अगदी शुक्रवारीसुद्धा.

चहा पिता पिता तो म्हणाला, "साहब, एक बात बोलूँ? जुम्मे को वो आवाज़ नहीं आती."

शुक्रवारी मजुरांना सुट्टी असे, त्यांची बस येत नसे. म्हणजे ही हाक मारणारा आठवड्याची सुट्टी घेत होता. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि कित्येक दिवसांनी मला पुन्हा पोलीस असल्यासारखं वाटलं.

मी मुकादमाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "अपने यहाँ रत्नागिरी का कोई है?"

"कोई नहीं, साब. एक था, गर्मी में भाग गया. सामान लेके. कंपनी ने रिपोर्ट भी कर दिया."

आखातात नोकरी सोडून गायब झालेल्या कामगाराला फरारी म्हणून कळवतात. तशी नोंद झाली की तो कुठे आहे याची काळजी कुणी करत नाही. सापडला तर परत पाठवायचा, एवढंच उरतं. मुकादम उत्तर देताना एकदाही अडखळला नाही. मात्र मी न विचारता "सामान लेके" हे त्याने जोडलं. माझा अनुभव असा, की न विचारलेला तपशील माणूस आधीपासून तयार ठेवून असतो.

पुढचे काही दिवस बस सुटायच्या आधी कोण कुठे असतो यावर मी लक्ष ठेवलं. रोपवाटिकेतला एक तरुण त्या वेळी दिसेनासा होई. तो स्वतःला मुंबईचा म्हणवी, सगळ्यांशी हिंदी बोले. रोपवाटिकेच्या मागून जुन्या तिवरांत शिरणारी एक पायवाट होती.

एका सकाळी धुकं दाट होतं. तो वाकून पिशव्यांत माती भरत होता. मी मागे जाऊन कोकणात विचारतात तसं विचारलं, "काय रे, न्याहरी झाली काय?"

"झाली ओ, मगाशीच..." म्हणता म्हणता तो थांबला. हातातली माती तशीच राहिली.

मी त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसलो. चौकशीत घाई करून चालत नाही. शिवाय मला चौकशीचा अधिकारही नव्हता. मी त्याला त्याचं गाव विचारलं, मग खाडीचं नाव, मग तिथल्या माशांबद्दल बोललो. बोलता बोलता त्याचा सूर सैल झाला. मग मी हळूच म्हणालो, "भावजीला हाक मारतोस ना तू?"

त्याने हातातली माती खाली टाकली. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही पोलीस हाव?"

"होतो. आता नाही."

"मंग सांगतो."

बहिणीच्या नवऱ्याला त्यानेच व्हिसा मिळवून इथे आणलं होतं. उन्हाळ्यात तपासणी तोंडावर आली तेव्हा उत्तरेकडच्या वळणावर रोपं जळून गेली होती. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला तिथे कायद्याने बंदी असते. मुकादम सगळ्यांना घेऊन निघाला असता तर गवगवा झाला असता, म्हणून त्याने या दोघांनाच नेलं. भावजी पुढे चिखलात लावणी करत होता, हा मागून रोपं ओढून नेत होता. उन्हाने भावजी कोसळला. याच्याने एकट्याने त्याला उचलवेना. हा किनाऱ्यावर धावला. मुकादम म्हणाला, गाडी येऊ दे. गाडी आली तोवर भरतीचं पाणी वळणावर चढलं होतं.

"मी पाण्यात शिरत होतो, साहेब. मुकादमाने माला धरून ठेवला. म्हनाला, बोललास तर दोघं जेलात जाऊ, त्याला तूच आनलायस. दुसऱ्या दिवशी ओहोटीला बघितला, तर भावजी तिथं नव्हता."

"आणि घरी काय सांगितलंस?"

"भैनीला सांगितला, दुसरीकडं कामाला लागलाय, लपून ऱ्हातो. इंशाल्ला फोन करील." त्याने तोंड फिरवलं. "ती रोज इचारते."

"मग ही हाक कशासाठी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत वेड नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. "तो ओ देतो, साहेब."

"कोण?"

"भावजी. हाक मारली का ओ देतो. तिकडनं." त्याने धुक्यात हात केला. जिथे रोपं जळाली होती ती जागा नव्हे, तिच्याहून बरीच आत, जिथे ओहळ वळून जुन्या तिवरांखाली शिरतो तिकडे.

मी प्रमुख बाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर पुढच्या तपासणीची तयारी मांडलेली होती. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुमची खात्री आहे? हे खोटं निघालं तर तुमची नोकरी जाईल. खरं निघालं तर कदाचित माझी."

"माणूस फरारी असल्याची माझी खात्री नाही, बाई. एवढंच सांगू शकतो."

त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि स्वतः पोलिसांना फोन लावला.

आलेला बहारिनी अधिकारी वयाने माझ्याहून बराच लहान, कमी बोलणारा. तरुणाचा जबाब दुभाष्यामार्फत नीट घेतला गेला. मुकादमाने आधी ठाम नकार दिला. अधिकाऱ्याने एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला, तो कोणतं सामान घेऊन पळाला? मुकादमाने बॅगेचं वर्णन केलं. तेव्हा अधिकाऱ्याने तीच बॅग पुढ्यात ठेवली. मजुरांच्या वसतिगृहात तरुणाच्या पलंगाखाली ती इतके महिने जपून ठेवलेली होती. आत कपड्यांच्या घड्या होत्या आणि बायकोसाठी घेतलेली अत्तराची बाटली. मुकादम खाली बसला. नंतर त्याने सगळं कबूल केलं.

पण तो माणूस कुठे आहे हे मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

शोध ओहोटीच्या वेळी घ्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी जळक्या रोपांची जागा आणि तिच्या आसपासचा चिखल पालथा घातला. काही मिळालं नाही. मी अधिकाऱ्याला तरुणाने दाखवलेल्या दिशेबद्दल सांगितलं. मात्र ती दिशा त्याला कशी कळली, हे मी चिखलाकडे बघत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो माणसं घेऊन ओहळाच्या वळणावर गेला. जुन्या तिवराच्या मुळांखाली, गाळात, तो होता. जे उरलं होतं ते त्यांनी हातांनी गाळ सारत बाहेर काढलं. ओळख पुढे डीएनए चाचणीने पक्की झाली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर अधिकारी आणि मी पायवाटेच्या टोकाला, जिथे तरुण उभा राहायचा तिथे गेलो. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून मोठ्याने आरोळी ठोकली. पलीकडे पंपघराची भिंत आहे, तिच्यावरून त्याचा आवाज स्पष्ट परत आला. पण तो दक्षिणेकडून आला. ओहळाचं वळण आमच्या उत्तरेला होतं. तिकडे नुसती शांतता आणि चिखलाचे बुडबुडे.

त्याने खिशातून वही काढली. मग म्हणाला, "मी प्रतिध्वनी असं लिहीन."

"मीही तेच लिहिलं असतं," मी म्हणालो.

बहिणीला मी कळवावं, असा तरुणाचा आग्रह होता. मी नकार दिला. ते त्यालाच सांगावं लागणार होतं. मात्र तो फोन करत असताना मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. त्याने सांगितलं तेव्हा पलीकडून रडणं ऐकू आलं नाही. बहीण एवढंच म्हणाली, "माला ठावं होता रे. तुझा आवाजच सांगत व्हता." त्यावर मात्र तो ढसाढसा रडला.

मुकादमाला शिक्षा झाली. कंत्राटदाराचं काम काढून घेतलं गेलं. प्रमुख बाईंची नोकरी राहिली. तरुण साक्ष देऊन, भावजीचे अवशेष घेऊन गावी गेला. पुन्हा तो परदेशी गेल्याचं ऐकलं नाही. हाक थांबली. हळूहळू मजूर उत्तरेकडच्या वळणावर काम करू लागले. मी मात्र तिथे एकटा कधी थांबलो नाही, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? त्या कार्यक्रमात एकेका रोपाची काळजी घेणारी माणसं होती. रोप मेलं तर का मेलं, याची चौकशी होई, वरून ड्रोन फिरे, बाहेरून तपासनीस येत. त्याच खाडीत एक माणूस दिसेनासा झाला, तेव्हा "फरारी" या एका शब्दावर सगळ्यांचं समाधान झालं. तो शब्द वापरताना सगळे खोटं बोलले असं नव्हे. मुकादम सोडला तर बाकीच्यांना फक्त पुढे विचारायची गरज उरली नाही. बेपत्ता माणसाचा तपास करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी आता एकच सांगतो: कागदावर काय लिहिलंय ते नंतर बघा, त्याला अजून हाक कोण मारतंय ते आधी शोधा. आणि हाक मारणारा म्हणाला की पलीकडून ओ येते, तर हसू नका. कुठून येते, तेवढं नीट विचारून घ्या.