पाहुणी झुवैना

आमच्या बहला गावात कुणाच्या घरात शिरणं सोपं, बाहेर पडणं कठीण. खलफानकाकांच्या घरातून तर जवळजवळ अशक्यच. गावच्या बैठकीत त्यांनी चाळीस वर्षं कॉफी वाढली. आता डोक्यातलं सगळं पुसत चाललंय. बायको गेल्याचं विसरले, पोरांची नावं विसरले. आदरातिथ्य तेवढं तसूभरही विसरले नाहीत.

त्यांची मुलगी झुवैना चार वर्षं त्यांना सांभाळतेय. घर ते बाजार, बाजार ते घर. पण काकांच्या लेखी ती आत्ताच आलेली पाहुणी!

त्या सोमवारी तिची दाढ ठणकत होती, गाल टम्म फुगला होता. दाताच्या डॉक्टरची अकराची वेळ पंधरा दिवसांनी मिळालेली. काकांजवळ बसायला भाऊ सुलेम मस्कतहून आलेला. मी शेजारीण, गाडी दारात लावून आत आले. झुवैनाने अबाया चढवला आणि काका उठले.

"अशी कशी निघालीस पोरी? कॉफी तरी घे."

घेतली. पेला हलवून 'पुरे'ची खूण केली. काकांनी मान डोलावली, विसरले, पुन्हा ओतली. सातव्या पेल्याला सुलेम ओरडला, "अहो बाबा, जाऊ द्या तिला!"

"हा उद्धट कोण? तुझ्याबरोबर आलाय?" काकांनी तिलाच विचारलं.

"हो. लहानपणापासूनच आगाऊ आहे."

अकराला दहा कमी. शेवटी मीच लोबान पेटवून आणला. धूप फिरला की पाहुण्याने उठायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. काकांनी धुपाटणं घेतलं, तिच्या ओढणीला धूर दिला. म्हणाले, "घरी कोण असतं तुझ्या?"

"म्हातारे वडील."

"एकटेच?"

"भाऊ बसलाय जवळ."

"पुरुषाला काय जमतंय! अगं, मग इथे गप्पा कसल्या ठोकतेस? सरळ घरी जा. वाटेत कुठे थांबायचं नाही. शब्द दे."

सुलेम भिंतीकडे बघू लागला. झुवैनाने शब्द दिला.

काका फाटकापर्यंत आले. "कुठल्या बाजूला घर?"

तिने दवाखान्याच्या दिशेला बोट दाखवलं. आम्ही वळेपर्यंत ते तिथेच उभे होते, हात हलवत.

डॉक्टरने भुलीची सुई उचलली, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"किती वेळ लागेल? घरी शब्द देऊन आलेय."