बाळूचं सस्पेन्शन

माझी नोकरी गेली ती एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, आणि गेल्याचं मला सोडून सगळ्या माण गावाला कळलं.

मी सरकारी कचेरीत कारकून. त्या दिवशी रजा टाकून घरामागच्या मुरमाच्या ढिगाशी बसलो होतो. आमचं भाताचं खाचर मी दीड वर्षापूर्वी विकलं, त्या पैशातून भाड्यानं द्यायच्या आठ खोल्या उठल्या आणि हा ढीग उरला. (आमच्या नावावरची माती म्हणाल तर आता एवढीच!) विक्रीच्या कागदावर सही केली त्या दिवसापासून आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला माझ्या शेजारी बसतात आणि माझ्या बायकोला सांगतात, "सूनबाई, त्याला म्हनावं मीठ सरकव." मी सरकवतो. फार लागतं मनाला, पण सांगणार कुणाला? म्हणून मी रिमोटवर चालणारा ट्रक घेतला.

ट्रक हातभर लांबीचा, चार चाकांना चार शॉकॲब्सॉर्बर. पण ढिगावरून उडी मारली की बेडकासारखा उसळायचा आणि उताणा पडायचा! आत तेल पातळ घालायचं की घट्ट, स्प्रिंग किती आवळायची, हे जमवणं म्हणजे सस्पेन्शन लावणं. सकाळपासून मी तेच करत होतो.

तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकू विरजण मागायला आल्या.

"बाळू घरी कसा गं? हापिस न्हाई?"

"कुटलं हापिस!" बायको करवादली. "सकाळपासनं सस्पेन्शन घिऊन बसल्यात. च्याबी घेतला न्हाई."

"आगं बया! कशापायी?"

"हाव, दुसरं काय! हाय त्यात समाधान न्हाई मानसाला."

(बायको बोलत होती ती माझ्या उंच उड्यांच्या हौसेबद्दल. काकूंनी काय ऐकलं ते सांगायला नकोच!) काकू विरजण न घेताच गेल्या.

अर्ध्या तासात त्या पिठलं-भाकरी घेऊन हजर! आमच्याकडे शेजारून पिठलं-भाकरी येते ती मयत झालेल्या घरी, कारण त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही. मी मात्र भुकेच्या भरात, फार काही न विचारता, ताट पुढ्यात ओढलं. मागोमाग चुलतभाऊ दत्तू आला आणि सुतकी चेहऱ्यानं शेजारी टेकला. ट्रक ढिगाच्या माथ्यावर उडीला तयार उभा होता. मला वाटलं, तोच बघायला आलाय. कुणाला तरी माझं कौतुक आहे, म्हणून मला भरून आलं.

"कुटं आडलं, दादा?"

"आता वरून दाब आला की खालीच बसतं रे. परत वर येत नाही."

"कुनाचंच लवकर येत न्हाई. माज्या साडूला दोन वरसं लागली."

"दोन वर्षं! तेल कुठलं घातलं त्यानं?"

"तेल कशाला? तूप! डबाच नेऊन दिला सायबाला."

तुपानं सस्पेन्शन सुटतं हे मला नवीन होतं. मी विचारात पडलो. दत्तू सुस्कारा टाकून उठला आणि त्याच्या जागी चक्क आबा येऊन बसले.

"बाळू," ते म्हणाले. दीड वर्षानं माझं नाव! "जेव आदी. नोकरीचं काय यवढं? खाचर गेलं तवा मीबी मेलो न्हाई." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी हाय न्हवं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तो हात पाठीवरून निघाला असता. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि रडलो. रडणं खरं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं धरा.

डोळे पुसायला वाकलो आणि मांडीखालचा रिमोट दाबला गेला! ट्रक ढिगावरून सुटला, हवेत गेला आणि आबांच्या पायाशी चारही चाकांवर अलगद उतरला. उसळी नाही, डगमग नाही!

"आबा! जमलं सस्पेन्शन!" मी टाळी वाजवून ओरडलो.

आबांनी ट्रककडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ह्येचं सस्पेन्शन?"

"व्हय."

"वय काय तुजं?"

"सेहेचाळीस."

हात निघाला. "सूनबाई," ते उठता उठता म्हणाले, "त्याला म्हनावं, गावात नोकरी गेली आसंच सांग. ह्ये नगं सांगू." काकूंनी उरलेलं पिठलंसुद्धा उचलून नेलं.

आबा पुन्हा बोलेनासे झाले. चार दिवस मी मीठ सरकवलं आणि पाचव्या दिवशी ठरवलं की आपण खरोखरच सस्पेंड व्हायचं! आठवडाभर कचेरीत बारा वाजता गेलो, फायली दडवल्या, लोकांना "उद्या या" म्हणून पिटाळलं, साहेबांना उलटून बोललो. सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. मी मनातल्या मनात आबांच्या शेजारी जाऊन बसलो. साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आता कुठे तुम्ही इथे रुळलात! बढतीसाठी तुमचंच नाव पाठवतोय."

बापाचं खाचर एका सहीत घालवलं मी, पण साधी नोकरी काही मला घालवता येईना!